मोर्चाचं छायाचित्रण: शटरपासून फोटोओळीपर्यंत

कृष्णधवल:
आंदोलनांच्या छायाचित्रणाबद्दलचे प्रश्न इथे दहा धाग्यांवर विखुरलेत. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. मोर्चा, धरणं, संप, ठिय्या, मशाल मोर्चा, शोकसभा, सगळं यात धरा. अनुभवकथनाला दुसरे धागे आहेत. इथे काय करायचं, कसं करायचं आणि कुठे चुकतं एवढंच लिहू या.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो. दोन बॉडी असतील तर एकीवर २८ किंवा ३५ मिमी, दुसरीवर ७०-२००. एकच असेल तर २४-१०५ लावा आणि दिवसभर काढू नका. गर्दीत लेन्स बदलायची नाही ती केवळ धुळीमुळे नव्हे. त्या पंधरा-वीस सेकंदांत दोन्ही हात अडकतात, नजर खाली जाते आणि मागून येणारा लोंढा दिसत नाही. हूड लावलेलाच ठेवा, कुणाचं कोपर किंवा फलकाची काठी लागली तर ती आधी हुडाला लागते. पट्टा गळ्यात सरळ अडकवू नका, एका खांद्यावरून दुसऱ्या बगलेखाली आडवा घ्या. गळ्यातला पट्टा ओढला गेला तर मान सापडते.

दिवसा चालत्या मोर्चाला शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद नको. चालणारी माणसं १/२५० ला नीट येतात, पण घोषणेबरोबर उसळलेली मूठ मनगटापासून पुसट होते. ढकलाढकली सुरू झाली की १/१०००. मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते ८, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटो आणि त्याची वरची मर्यादा ६४००, हे सगळ्यात कमी दगा देणारं गणित. मोर्चा उन्हातून उंच इमारतींच्या सावलीत वळला तरी फक्त आयएसओ सरकतो, शटर हातात राहतं.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो तो फलकांमुळे. निम्मी फ्रेम पांढऱ्या पुठ्ठ्यांनी भरली की चेहरे काळवंडतात, तिथे एक्स्पोजरला +०.७ द्या. मात्र फलकावरची अक्षरं जळत नाहीत ना, हे हायलाइट वॉर्निंग चालू ठेवून पाहा. काळ्या कपड्यांतला घोळका असेल तर उलट, −०.७. भर दुपारी कपाळाची सावली डोळ्यांवर पडते. रॉ (प्रक्रिया न झालेल्या मूळ) फाइलमधून ती दोन स्टॉप, म्हणजे चौपट, सहज उचलता येते, जळालेलं पांढरं मात्र परत येत नाही.

आणि निघण्यापूर्वी आयएसओ खरोखर किती आहे ते पाहायचं. ५ जून १९८९ ला बीजिंगमध्ये रणगाड्यांसमोर उभ्या माणसाचं जेफ वाइडनर यांनी टिपलेलं छायाचित्र ४०० मिमी लेन्सला दुप्पट करणारा कन्व्हर्टर लावून घेतलेलं आहे. म्हणजे हातात ८०० मिमी. इतक्या लांबीला निदान १/८०० शटर हवं. कॅमेऱ्यात १०० आयएसओचं रीळ होतं, त्यामुळे शटर त्याच्या कितीतरी खाली गेलं. चित्र वाचलं, पण थोडक्यात.

रीळ_३६:
चांगला धागा. एका गोष्टीची भर. चेहरे ओळखणारा ऑटोफोकस शंभर चेहऱ्यांत भांबावतो, सर्वांत जवळचा किंवा सर्वांत मोठा चेहरा धरतो आणि तुम्हाला हवा असलेला दुसऱ्या रांगेतला हुकतो. रुंद लेन्सला तो बंदच करा आणि अंतर आधीच बांधून ठेवा.

आकडे फुल फ्रेमसाठी (३६ बाय २४ मिमीचा सेन्सर), पुसटपणाची मर्यादा ०.०३ मिमी धरून: २८ मिमी, एफ ८, फोकस ३ मीटरवर ठेवला तर साधारण १.६ मीटरपासून ३० मीटरच्या पुढेपर्यंत सगळं धारदार. ३५ मिमीला त्याच एफ ८ आणि ३ मीटरवर १.९ ते ७.२ मीटर. फरक केवढा आहे पाहा. म्हणून डोळे मिटून फ्रेम घ्यायची वेळ येते तिथे २८ जास्त माफ करते. फोकस मॅन्युअल करून रिंगवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, नाहीतर धक्क्याने ती फिरते आणि तासाभराच्या सगळ्या फ्रेम मऊ येतात.

कॅमेरा डोक्यावर उचलून आंधळेपणाने काढताना लेन्स किंचित खाली झुकवा. सरळ धरली तर अर्धी फ्रेम आकाश येतं.

नवखी:
रात्रीच्या मशाल मोर्चाबद्दल सांगाल का कुणी? रस्त्यावरच्या दिव्यांखाली काढलेल्या फ्रेममध्ये आडवे काळे-पिवळे पट्टे येतात. आयएसओ बदलून पाहिला, फरक नाही.

सावलीमापक:
नवखी, दोष आयएसओचा नाही, शटरच्या प्रकाराचा आहे. तुमचं शटर बहुधा इलेक्ट्रॉनिकवर आहे.

वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, ६० हर्ट्झला १२० वेळा. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं. काही ओळी दिवा उजळ असताना वाचल्या जातात, काही मंद असताना, त्याचे पट्टे दिसतात. उपाय क्रमाने असे: आधी मेकॅनिकल शटर. मग कॅमेऱ्यात फ्लिकर कमी करणारी सोय असेल तर ती. तरीही राहिले तर शटर १/१०० किंवा १/५० (६० हर्ट्झच्या देशात १/१२५ किंवा १/६०), म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याचं पूर्ण आवर्तन मिळतं. पोलिसांच्या गाड्यांचे फिरते दिवे मात्र कुठल्याच आकड्यात बसत नाहीत, तिथे एका दमात चार-पाच फ्रेमचा बर्स्ट घ्या आणि त्यातली सम उजेडाची ठेवा.

इलेक्ट्रॉनिक शटर नि:शब्द असतं, म्हणून शोकसभेत ते हवंच. तिथे हालचाल कमी असते, चालून जातं.

मशालींसाठी एफ २, शटर १/१२५, आयएसओ ३२०० ते ६४००. एक्स्पोजर चेहऱ्यावर बांधा, ज्योत जळू द्या. व्हाइट बॅलन्स ऑटो ठेवला तर तो दर फ्रेमला वेगळं ठरवतो आणि एकाच मिनिटातली दोन चित्रं दोन रात्रींची वाटतात. ३२०० केल्विनवर बांधून टाका. मेणबत्तीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास असतो, त्यामुळे ज्योत केशरी राहते आणि कातडी अगदी लाल होत नाही.

फ्लॅश नकोच. अंधारात तो सगळ्यांच्या डोळ्यांवर जातो, मशालीचा उजेड मारून टाकतो आणि तणावाच्या क्षणी अचानक झालेला लखलखाट लोकांना, पोलिसांनाही, वेगळाच वाटू शकतो.

रीळ_३६:
फ्लॅशच्या बाबतीत सावलीमापकांशी सहमत नाही. सभेनंतर समोरासमोर उभं राहून, विचारून काढायच्या व्यक्तिचित्राला १/१६ ताकदीचा, छतावरून किंवा भिंतीवरून उडवलेला फ्लॅश योग्यच. चालत्या गर्दीत नको, हे मान्य.

तिसरी_रांग:
आतापर्यंत कॅमेऱ्यावर चर्चा झाली, उभं कुठे राहायचं यावर नाही. चुका जास्त तिथेच होतात.

पोलिसांची रांग आणि मोर्चाची पहिली रांग यांच्या मधल्या पट्ट्यात उभं राहू नका. चित्र दोन्हींच्या कडेला, ४५ अंशांतून जास्त चांगलं मिळतं, कारण दोन्ही बाजूंचे चेहरे एका फ्रेममध्ये येतात. पाठ भिंतीला किंवा खांबाला. डाव्या-उजव्या दोन वाटा आधी पाहून ठेवलेल्या. बंद गल्ली आणि लोखंडी जाळीचं कुंपण, दोन्हींपासून लांब. पहिल्या रांगेसमोर उलटं चालायचं असेल तर जोडीदाराने मागून पट्ट्याला धरून वाट दाखवायची. एकट्याने उलटं चालणं म्हणजे दुभाजकाला अडखळून मोर्चाच्या पायाखाली पडण्याची तयारी.

तासभर आधी पोहोचा आणि संपल्यावर तासभर थांबा. आंदोलनातला बहुतेक काळ झटापटीचा नसतो. फलक रंगवणारे हात, ध्वनिक्षेपकाची तार जोडणारा, यादीवर सह्या घेणारी, पाणी वाटणारे, सभेनंतर सतरंज्या गुंडाळणारे, वकिलाशी बोलणारे. हे न काढता फक्त लाठी उगारलेला क्षण काढला तर लोक फक्त मार खाणारे दिसतात, काही ठरवून, संघटना बांधून उभे राहिलेले दिसत नाहीत. अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीच्या गाजलेल्या छायाचित्रांवर हीच टीका पुढे झाली. त्याच काळात डॅनी लायन विद्यार्थ्यांच्या एसएनसीसी या संघटनेसाठीच छायाचित्रण करत होते, आणि त्यांच्या कामात बैठका, मतदार नोंदणी, तुरुंगातल्या मुली हेही आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की काय सुटतं ते कळतं.

धूसर:
तिसरी_रांग यांना अनुमोदन. गर्दी किती होती हे चित्रात प्रामाणिक ठेवण्याबद्दलही लिहायला हवं. २०० मिमीने समोरून काढलं की तीन-तीन मीटर अंतराच्या रांगा एकमेकांना चिकटतात आणि तीनशे माणसं तीन हजार वाटतात. २४ मिमीने उंचावरून काढलं की तीन हजारांचा मोर्चा रिकाम्या रस्त्यावर हरवतो. दोन्ही खरी चित्रं, दोन्ही दिशाभूल करणारी. म्हणून उंचावरून एक तरी फ्रेम अशी घ्या जिच्यात गर्दीची सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसतात, आणि संचात ती ठेवा.

मोजण्याची जुनी रीत हर्बर्ट जेकब्ज यांची. ते अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवत आणि १९६० च्या दशकात खिडकीतून दिसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सभा मोजत. जागेचे चौकोन पाडायचे. विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत ४.५, अगदी चेपलेल्या गर्दीत २.५. मीटरमध्ये अनुक्रमे ०.९३, ०.४२ आणि ०.२३. म्हणजे १२ मीटर रुंद रस्त्याचा २०० मीटर भरलेला तुकडा विरळ असेल तर अडीच हजारांच्या आसपास, दाट असेल तर साडेपाच हजारांच्या वर. हे उभ्या सभेचं. चालत्या मोर्चासाठी एक खांब ठरवून मिनिटाला किती जण पुढे जातात ते तीन-चार वेळा मोजा, सरासरीला एकूण मिनिटांनी गुणा.

फोटोओळीत स्वतःचा आकडा लिहिलात तर कसा मोजला तेही लिहा. आयोजकांचा असेल तर ‘आयोजकांच्या म्हणण्यानुसार’, पोलिसांचा असेल तर ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’.

जुनं_खोकं:
धूसरने फोटोओळीचं नाव काढलं ते बरं झालं. या धाग्यात सर्वांत जास्त जागा तिला मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे.

मोर्चाचं चित्र वीस वर्षांनी कुणाच्या हाती पडतं तेव्हा ते फक्त ‘लोक फलक घेऊन उभे आहेत’ एवढंच सांगतं. कुठले लोक, कशासाठी, कुठल्या तारखेला, पुढे काय झालं, हे ओळीतूनच कळतं. लुईस हाइन १९०८ पासून अमेरिकेतल्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी गिरण्या, खाणी आणि कॅनरीतल्या बालकामगारांची छायाचित्रं काढत होते. मालक आत सोडत नसत, म्हणून ते बायबल विक्रेता किंवा तपासनीस बनून शिरत. खिशातल्या खिशात नोंदी करत, आणि आपल्या कोटाच्या बटणांची उंची ठाऊक असल्यामुळे मुलाची उंची त्यावरून ठरवत. नाव, वय, काम, जागा, तारीख. आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्या समितीची पाच हजारांहून जास्त चित्रं आहेत आणि ती पुरावा म्हणून उभी आहेत ती या नोंदींमुळे.

आता रीत. दर अर्ध्या तासाने फोनवर २० सेकंदांचा आवाज मुद्रित करा: वेळ, चौकाचं नाव, काय चाललंय, शेवटच्या फ्रेमचा क्रमांक. वही काढायला हात मोकळा नसतो. दोन्ही बॉडींचं घड्याळ सकाळी सेकंदापर्यंत जुळवा आणि तारीख तपासा. बॅटरी बराच काळ बाहेर राहिली असेल तर काही कॅमेरे जुन्या तारखेवर जातात आणि दोन बॉडींच्या फाइली रात्री एका क्रमात बसत नाहीत.

बोललेल्या माणसाचं नाव त्यालाच लिहायला किंवा उच्चारायला सांगा. नाव छापलं जायला नको असेल तर नोंदीतही लिहू नका, नोंदी जप्त होऊ शकतात.

ओळ त्याच रात्री लिहा, दुसऱ्या दिवशी नाही. पहिल्या वाक्यात कोण, काय, कुठे, कधी. दुसऱ्यात कारण किंवा संदर्भ. विशेषणं नाहीत. उदाहरणार्थ, ‘संतप्त जमावाचा पोलिसांवर हल्ला’ ही ओळ नव्हे, निकाल आहे. त्याच चित्राला: ‘किमान वेतनाच्या मागणीसाठी निघालेल्या सफाई कामगारांच्या मोर्चात, मुख्य दारापाशी लावलेल्या अडथळ्यांवर कामगार आणि पोलीस यांच्यात रेटारेटी.’ पुढे तारीख. दगड कुणी आधी मारला हे फ्रेममध्ये नसेल तर ओळीतही नको.

‘जमाव’ आणि ‘मोर्चेकरी’, ‘घुसले’ आणि ‘आत गेले’, ‘पांगवलं’ आणि ‘लाठ्या मारल्या’ यांतला प्रत्येक शब्द बाजू घेतो. जे दिसलं त्याचं क्रियापद वापरा.

ओळ फाइलच्या आत, आयपीटीसीच्या (चित्राची माहिती फाइलमध्येच साठवण्याची प्रमाण पद्धत) वर्णनाच्या रकान्यात टाका. वेगळ्या मजकूर फाइलमध्ये ठेवलेली ओळ पहिल्याच हस्तांतरात हरवते. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, जागा, क्रमांक या क्रमाने, म्हणजे आपोआप लागतं.

नवखी:
फलकावरची भाषा वाचता येत नसेल तर?

जुनं_खोकं:
तर तिथेच कुणाला तरी अर्थ विचारून घ्या, शक्यतो फलक धरलेल्याच माणसाला. फलक पूर्ण फ्रेममध्ये घ्या, कापलेली घोषणा उलट अर्थाची होऊ शकते. ओळीत घोषणा मूळ भाषेत जशीच्या तशी, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि पुढे भाषांतर.

मागची_खिडकी:
चेहऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. १६ जून १९७६ ला दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत सॅम न्झिमा यांनी गोळी लागलेल्या शाळकरी हेक्टर पीटरसनचं छायाचित्र काढलं आणि रीळ मोज्यात लपवून वाचवलं. ते जगभर छापलं गेलं. त्यात हेक्टरला उचलून धावणाऱ्या तरुणाच्या मागे पोलीस लागले, त्याला देश सोडावा लागला, आणि नंतर तो घरच्यांना कधीच सापडला नाही. चित्र काढायला नको होतं असं माझं म्हणणं नाही. पण ओळखू येणाऱ्या चेहऱ्याची किंमत कोण मोजतं हे डोळ्यांसमोर असावं.

पुसायचंच असेल तर नीट पुसा. फिकट ब्लर आणि मोठे चौकोन यांतून चेहरा जुळवून काढता येतो. फिरवून विस्कटलेला चेहरा तर उलट फिरवून परत मिळवलेला आहे. फोनमधल्या मार्करची रेघ बऱ्याचदा अर्धपारदर्शक असते, उजेड वाढवला की खालचं दिसतं. म्हणून अपारदर्शक काळा आकार, थर एकत्र करून, नवीन फाइल म्हणून साठवलेला. त्यानंतर मेटाडेटा (फाइलच्या आत साठलेली जागा, वेळ वगैरे माहिती) काढा. जेपेगच्या आत एक छोटं पूर्वचित्र असतं आणि काही सॉफ्टवेअर ते बदलत नाहीत. वर काळा चौकोन, आत मूळ चेहरा. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे तयार चित्राचा स्क्रीनशॉट घेऊन तोच पाठवणं. त्यात जीपीएस, कॅमेऱ्याचा क्रमांक, पूर्वचित्र काहीच जात नाही.

चेहरा झाकला म्हणजे माणूस झाकला असंही नाही. गोंदण, चपला, पाठपिशवी, हातातलं कडं. त्याच दिवसाच्या दुसऱ्या फ्रेममध्ये तीच पिशवी आणि उघडा चेहरा असेल तर सगळं व्यर्थ.

कृष्णधवल:
मागची_खिडकी, तांत्रिक भाग पटला. पण सरसकट चेहरे झाकण्याला माझा विरोध आहे. लोक रस्त्यावर येतात ते दिसण्यासाठी. काळ्या चौकोनांची रांग म्हणजे पुन्हा बिनचेहऱ्याचा जमाव, आणि ज्यांना तसंच दाखवायचं असतं त्यांचं काम आपणच करून देतो.

मागची_खिडकी:
सरसकट मी म्हटलंच नाही. धोका कुठे आहे ते पाहून ठरवायचं. व्यासपीठावरचे वक्ते, नाव सांगून मुलाखत देणारे, पहिल्या रांगेतले नेते: चेहरा राहू दे. अल्पवयीन मुलं, ज्यांची नोकरी किंवा राहण्याचा परवाना जाऊ शकतो असे, जखमी, कायदा मोडताना दिसणारे: विचारल्याशिवाय नाही, आणि विचारता येत नसेल तर थेट प्रसारण तर मुळीच नाही. लहान मुलासाठी पालकाला विचारा, मुलालाही विचारा.

आणि झाकण्यापेक्षा काढतानाच वेगळं काढणं केव्हाही चांगलं. सूर्य माणसाच्या मागे ठेवून छायाकृती, हातांचे तपशील, पाठीमागून दिसणारा फलक, काचेवरचं प्रतिबिंब. त्यात नंतर काही बदलावं लागत नाही.

धूसर:
दोघांच्या मध्ये एक मुद्दा. संमती एकदा मिळाली की कायमची नसते. जपानमधल्या मिनामाताच्या पारा विषबाधेवर यूजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ यांनी केलेल्या कामातलं, आंघोळीच्या हौदात मुलीला धरून बसलेल्या आईचं १९७१ चं छायाचित्र कुटुंबाच्या संमतीनेच काढलेलं होतं, आणि त्याने जगाचं लक्ष तिथे वळवलं. मुलगी पुढे वारली. १९९८ मध्ये आयलीन स्मिथ यांनी कुटुंबाच्या इच्छेला मान देऊन त्या चित्राबद्दलचा निर्णय आईवडिलांच्या हाती सोपवला आणि ते नव्याने छापायला देणं थांबवलं. इतकं गाजलेलं चित्रही मागे घेता येतं. म्हणून ज्यांना काढता त्यांच्याकडे तुमच्यापर्यंत पोहोचायचा मार्ग हवा, एक छोटं कार्ड पुरतं.

सावलीमापक:
झाकण्यावरून आठवलं, फ्रेममधलं काही काढून टाकणं ही निराळी गोष्ट. ४ मे १९७० ला अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी गेले. जॉन फिलो यांच्या चित्रात मृत विद्यार्थ्याशेजारी गुडघ्यांवर बसलेल्या मुलीच्या डोक्यामागे कुंपणाचा खांब आहे. पुढे खांब पुसलेली आवृत्ती फिरली आणि १९९५ मध्ये लाइफ मासिकातही तीच छापली गेली. खांबाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण एकदा खांब पुसला की ‘आणखी काय पुसलंय?’ हा प्रश्न विचारायची सोय होते, आणि आंदोलनाच्या चित्राला तो प्रश्न विचारायला लोक टपलेलेच असतात. वर्ल्ड प्रेस फोटोच्या २०१५ च्या स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत पोहोचलेल्यांपैकी २० टक्के प्रवेशिका फेरफारामुळे बाद झाल्या.

चालतं ते: एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, हलका कॉन्ट्रास्ट, कडेची कापणी, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका. चालत नाही: काही जोडणं, काढणं, सरकवणं, कोपरे इतके काळे करणं की तिथला माणूस नाहीसा व्हावा. सुरक्षेसाठी चेहरा झाकला तर ओळीत तसं लिहा. रॉ फाइल कायम जपा, वाद झाला तर तीच साक्षीदार.

रीळ_३६:
थोडक्यात रंगाबद्दल. कृष्णधवल करण्याची सवय आंदोलनात जपून. झेंड्यांचे, पट्ट्यांचे, स्कार्फचे रंगच कोण कुणाबरोबर उभं होतं ते सांगतात. आणि लाल-निळे रंग गडद करायचा मोहही आवरा.

तिसरी_रांग:
अश्रुधुराचं राहिलं. सीएस (अश्रुधुरातलं नेहमीचं रसायन) हा वायू नसून बारीक कणांचा धूर असतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली बसतो. वाऱ्याकडे तोंड करून, शक्य तर उंच जागेकडे सरका. खाली बसू नका. कॉन्टॅक्ट लेन्स घालून जायचंच नाही, कण तिच्याखाली अडकतात. साधा चष्माही पुरत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा, आघात झेलणारा गॉगल हवा (खोक्यावर ईएन १६६ किंवा झेड८७.१ हे मानक बघा). चेहऱ्यावर तेलकट मलम नको, कण चिकटून राहतात. डोळे चोळू नका, स्वच्छ पाण्याने १० ते १५ मिनिटं धुवा. रबरी गोळ्यांची शक्यता असेल तर हेल्मेट.

कॅमेऱ्यासाठी: धूर असताना झूम पुढेमागे करू नका, बाहेर येणारी नळी आत जाताना कण ओढून घेते. संपल्यावर ब्लोअरने कण उडवण्यापेक्षा किंचित ओल्या कापडाने पुसा, उडवलेले कण तुमच्याच डोळ्यांत जातात. बॅग आणि कपडे घरात आणण्याआधी झटका, वेगळे धुवा. पाण्याच्या फवाऱ्यासाठी पावसाळी आवरण, नसेल तर जाड प्लास्टिकची पिशवी आणि हुडाभोवती रबर.

नवखी:
कार्ड काढून घेतलं किंवा फोटो पुसायला लावले तर काय करायचं?

जुनं_खोकं:
तुम्ही आहात तिथल्या कायद्यात पोलिसांना काय करता येतं ते आधी वाचून जा आणि वकिलाचा नंबर दंडावर पेनने लिहा, फोन हातात राहीलच असं नाही. वादात अंगावर जाऊ नका.

पुसायला लावले तर पुसा आणि त्याक्षणी ते कार्ड वापरणं थांबवा. पुसताना फक्त यादीतली नोंद जाते, चित्र कार्डावरच असतं. त्यावर नवीन फ्रेम लिहिली गेली की मात्र संपलं. घरी फोटोरेक या मोफत सॉफ्टवेअरने बरंच परत येतं. मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर साठवू नका, दुसऱ्या डिस्कवर साठवा. संपूर्ण कार्ड शून्यांनी भरणारं खोल फॉरमॅट झालं असेल तर काही मिळत नाही.

आधीची तयारी: दोन खाचांचा कॅमेरा असेल तर दोन्हींत एकाच वेळी लिहायला लावा. एका मोठ्या कार्डापेक्षा ३२ किंवा ६४ जीबीची चार. दर तासाने एक खाच रिकामी करून कार्ड जोडीदाराकडे द्या, त्याने गर्दीबाहेर राहायचं. भरलेली कार्डं डबीत पालथी, रिकामी सुलटी, म्हणजे घाईत भरलेलंच पुन्हा फॉरमॅट होत नाही. बहुतेक कॅमेरे कार्डावरच्या फाइली कूटबद्ध करत नाहीत, म्हणून कार्ड ज्याच्या हाती त्याला सगळे चेहरे दिसतात. हे लक्षात ठेवूनच गुप्त बैठकीचे फोटो काढायचे की नाही ते ठरवा. फोनचं बोट आणि चेहऱ्याने उघडणं बंद, निदान सहा आकडी क्रमांक, पडदा बंद असताना सूचना दिसू नयेत.

रात्री: आधी दोन वेगळ्या डिस्कवर नक्कल, मग फाइलींची संख्या आणि आकार जुळवून पाहणं, आणि त्यानंतरच कार्ड फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यातच. तिसरी प्रत दुसऱ्या घरात.

मग निवड. हजार-बाराशे फ्रेम असतील तर पहिल्या फेरीत १२०, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी ३०, आणि संच १२ ते १५ चा. बाकीच्या फेकू नका. आज निरर्थक वाटणारी, कडेला उभ्या गाडीचा क्रमांक दिसणारी फ्रेम दोन वर्षांनी न्यायालयात कामाची ठरू शकते.

कृष्णधवल:
संच आंदोलकांनाही द्यावा का? काही जण म्हणतात त्याने तटस्थपणा जातो.

जुनं_खोकं:
छापून झाल्यावर द्यावा, हे माझं मत. आधी दाखवून निवड त्यांच्यावर सोपवली तर तो प्रचार होतो. नंतर दिला तर तो त्यांचाच इतिहास त्यांच्या हातात राहतो. संघटनांची कार्यालयं बदलतात, हार्ड डिस्क बंद पडतात, म्हणून १५ चित्रांचे कागदी प्रिंटही द्या, पिगमेंट शाईचे, आम्लरहित कागदावर. कापसाच्या किंवा फायबर कागदाच्या मागे मऊ पेन्सिलने ओळ लिहिता येते. बॉलपेन नको, दाबाची रेघ पुढच्या बाजूला उमटते. प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल टिकत नाही, तिथे ओळ आम्लरहित पाकिटावर लिहा, चित्र आत घालण्याआधी. आणि पाकिटाचा क्रमांक तोच ठेवा जो फाइलच्या नावात आहे.